गेमिंगचा कॉम्प्युटर आणि स्टोअरकीपरची वही

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात म्हापशाच्या एका पालकांचं पत्र आलं होतं. बारावी झालेल्या मुलाला गेमिंगचा कॉम्प्युटर हवा आहे, दुकानदाराने सव्वा लाखाचा आकडा सांगितला, आणि आकडा ऐकून हे खेळच बंद व्हायला हवेत असं त्यांचं मत झालं. खेळ असावेत की नसावेत या वादात मी पडत नाही. आमच्या घरात त्यावर दोन पक्ष आहेत आणि मला दोन्ही पक्षांच्या हातचं जेवायचं असतं. मला लिहायचं आहे ते फक्त त्या सव्वा लाखाबद्दल. कारण गेल्या वर्षी मे महिन्यात जवळपास तोच आकडा माझ्या हातात एका कागदावर आला होता, आणि शेवटी आमचं काम ६९,१६० रुपयांत झालं. हिशेबाची वही समोर ठेवूनच हे पत्र लिहितो आहे.

माझी ओळख सांगायची तर डिचोली तालुक्यातल्या एका खाणीच्या वर्कशॉपात मी एकतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. डंपरची बेअरिंगं, हायड्रॉलिक होज, एअर फिल्टर, फॅनबेल्ट यांच्या बिन कार्डांत, म्हणजे मालाच्या नोंदीच्या कार्डांत, आयुष्य गेलं. कॉम्प्युटरच्या पोटात काय असतं हे मला ठाऊक नव्हतं. 'गेमिंग' म्हटलं की मांडवीत नांगरलेली कॅसिनोची जहाजंच डोळ्यांपुढे यायची, आणि नातीने हा शब्द पहिल्यांदा उच्चारला तेव्हा तिची आजी खरोखरच घाबरली होती. पण न कळणारी वस्तू कशी विकत घ्यावी, हा मात्र माझा धंदाच होता. तीन कोटेशनं मागवायची, तुलनेचा तक्ता मांडायचा आणि जिथे दुकानदार गप्प बसतो तिथे बोट ठेवायचं.

पहिलं कोटेशन पणजीतल्या एका दुकानाचं होतं. काचेचं कॅबिनेट, त्यात रंगीत दिव्यांचे सहा पंखे, प्रोसेसरवर पाण्याचा कूलर, कोअर आय-सेव्हन प्रोसेसर, सोळा जीबीची एकच रॅम (चालू कामाची मेमरी), पाचशे जीबीची एसएसडी (साठवणीची डिस्क), २७ इंची वक्र मॉनिटर, आणि ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०५०, सहा जीबीचं. एसएमपीएसपुढे, म्हणजे सगळ्या पार्टांना वीज पुरवणाऱ्या डब्यापुढे, नुसतं '६०० वॉट' लिहिलेलं, कंपनीचं नाव नाही. विंडोजचं विचारलं तर म्हणाले, "ते आम्ही टाकून देतो." एकूण १,१८,०००.

मी तो कागद नातीपुढे ठेवला. ती तेव्हा अठरा वर्षांची होती, इंजिनिअरिंगला जायचं नक्की झालेलं. तिने पेन्सिल घेतली आणि मला दोन तास शिकवलं. तिच्या शिकवणीतलं जे समजलं ते माझ्या भाषेत सांगतो. हे कोटेशन म्हणजे टिप्परला इंजिन डंपरचं बसवलंय आणि हौदा रिक्षाचा. खेळाचं चित्र तयार करण्याचं मुख्य काम ग्राफिक्स कार्ड करतं. प्रोसेसर लागतो, पण सहा कोअरचा साधा प्रोसेसर या कामाला पुरून उरतो. आय-सेव्हनला दिलेले जादा दहा-बारा हजार कार्डात घातले असते तर खेळ कितीतरी चांगला चालला असता. पण गिऱ्हाइकाला 'आय-सेव्हन' हा शब्द माहीत असतो, म्हणून दुकानदार तो विकतो. सहा पंख्यांचे दिवेही तसेच. दुकानात ते डोळ्यांत भरतात, पुढे चार दिवसांनी झोपेच्या वेळी डोळ्यांवर येतात म्हणून बंद केले जातात.

म्हणून म्हापशाच्या त्या पालकांना माझं पहिलं सांगणं असं, की यादीची सुरुवात मॉनिटरपासून करा. आम्ही उलटं धरून चाललो होतो. पडदा १९२० बाय १०८० ठिपक्यांचा असेल तर कार्डाला एका चित्रासाठी २०,७३,६०० ठिपके रंगवावे लागतात. फोर-के पडद्याला ३८४० बाय २१६०, म्हणजे ८२,९४,४००. बरोब्बर चौपट. ते कामही सेकंदाला एकदा नव्हे, साठ किंवा शंभर वेळा करायचं. मॉनिटर शंभर हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला शंभरच चित्रं दाखवणार. कार्डाने दोनशे तयार केली तरी वरची शंभर डोळ्यांना दिसतच नाहीत. तेव्हा २४ इंची, १०८० चा, शंभर हर्ट्झचा पडदा ठरवला की कार्ड, प्रोसेसर, एसएमपीएस सगळ्यांची मापं आपोआप खाली येतात. आम्ही असा मॉनिटर ऑनलाइन सेलमध्ये ७,६०० ला घेतला. नातीच्या मैत्रिणी व्हॅलोरंट खेळतात. तो खेळ तर फार हलका आहे, आमच्या मशीनवर दोनशेच्या पुढे जातो. म्हणजे पडदाच मागे पडतो.

प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ५६०० घेतला, सहा कोअर, ८,९०० रुपये. हा २०२२ सालचा. जुना म्हणून नाक मुरडू नये. तो ज्या एएम-फोर सॉकेटमध्ये (मुख्य बोर्डावरच्या प्रोसेसरच्या जागेत) बसतो ते सॉकेट २०१६ पासून चालू आहे, आणि स्टोअरकीपरच्या दृष्टीने दहा वर्षं चाललेल्या मॉडेलसारखं सुख नाही. पार्ट मिळतात, ते कोणालाही बसवता येतात आणि भाव उतरलेले असतात. नवं एएम-फाइव्ह २०२२ च्या सप्टेंबरात आलं, त्यात पुढची वाढ करायला वाव जास्त आहे, हे खरं. पण त्याला डीडीआर-फाइव्ह रॅम लागते, बोर्डही महाग. ज्याला खरोखर दोन-तीन वर्षांनी प्रोसेसर बदलायचा आहे त्याने तिकडे जावं. बहुतेक लोक बदलत नाहीत, नुसते म्हणतात. पाण्याचा कूलरही आम्ही कापला. या प्रोसेसरच्या खोक्यातच एक छोटा पंखा येतो आणि ६५ वॉटच्या प्रोसेसरला तो पुरतो. शिवाय पाण्याचा असो की हवेचा, कुठलाच कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेत नाही. आमच्या डिचोलीत मे महिन्यात खोलीच छत्तीसला असते.

मदरबोर्डाच्या, म्हणजे त्या मुख्य बोर्डाच्या, बाबतीत मात्र मी फसलो. बी-५५० चिपसेटचा बोर्ड ८,३०० ला घेतला, तेव्हा बी-४५० चा साडेपाच-सहा हजारांत मिळत होता. 'पुढे कामाला येईल' या तीन शब्दांवर मी अडीच हजार घालवले. आजवर त्या बोर्डाची जादा सोय आम्ही एकदाही वापरलेली नाही. कंपनीत दुसऱ्या कोणी असं इंडेंट (मागणीपत्र) पाठवलं असतं तर मीच लाल पेनाने परत केलं असतं.

हा माल आणायला मी मुंबईला गेलो. थिवीला कोकणकन्या धरली, पहाटे दादरला उतरलो, तिथून लोकलने ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडला आता डॉ. भडकमकर मार्ग म्हणतात, पण तिथल्या एकाही दुकानदाराने मला ते नाव सांगितलं नाही. दुकानं अकराशिवाय नीट उघडत नाहीत, तोवर मी एका इराण्याकडे दोन चहा संपवले. रविवारी जाऊ नका, बरंचसं बंद असतं. भाव करताना पहिला प्रश्न एकच विचारायचा, "जीएसटी धरून की वेगळा?" कॉम्प्युटरच्या पार्टवर अठरा टक्के जीएसटी आहे. आकडा जीएसटीशिवायचा असेल तर दहा हजारांची वस्तू बिल फाडताना ११,८०० ची होते. मग दुकानदार हळूच म्हणतो, "बिल नको असेल तर..." त्या वाक्याला भुलू नये. बिल नाही तर वॉरंटी नाही, आणि या धंद्यात तीन वर्षांची वॉरंटी हीच अर्धी किंमत असते. प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम मिळून गोव्याच्या भावापेक्षा ३,९०० रुपये वाचले. भाडं आणि खाणं धरून १,७०० गेले. उरले २,२००, आणि येताना बोर्डाचा खोका पायाशी ठेवून रात्रभर जागलो ते वेगळं. माझं प्रामाणिक मत असं, की मुंबईत दुसरं काही काम असेल तरच जावं. चोर्ला घाटाने बेळगावही आम्हाला जवळ, पण तिथल्या भावात आणि इथल्या भावात मला फरक दिसला नाही.

एसएसडी, एसएमपीएस आणि यूपीएस मुद्दाम इथेच, म्हापशाला घेतले. बिघडण्याची भीती ज्यांची जास्त, त्या वस्तू हाकेच्या अंतरावरून घ्याव्यात. त्या ब्रँडचा बिघडलेला माल गोव्यात कोण घेतो, की आपल्याच खर्चाने बाहेर पाठवायचा, हे विकत घेतानाच विचारून वहीत लिहून ठेवावं.

आता एसएमपीएस. बाकी कुठे काटकसर केली नाही तरी चालेल, पण इथे करू नका. पहिल्या कोटेशनमधल्या त्या बिननावाच्या '६०० वॉट'वाल्याची नेमप्लेट बघायला मी परत दुकानात गेलो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ६००. अंगावरच्या स्टिकरवर बारीक अक्षरांत १२ व्होल्टच्या लाइनपुढे १८ अँपिअर. गुणाकार करा, २१६ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघेही त्या १२ व्होल्टच्या लाइनवरच जगतात. म्हणजे माल दोनशे सोळाचा आणि नाव सहाशेचं. आम्ही घेतलेल्या ५५० वॉटच्या, ८० प्लस ब्राँझ शिक्क्याच्या एसएमपीएसवर त्याच जागी ४५ अँपिअर आहेत, गुणाकार ५४०. किंमत ४,४००. आमचं कार्ड १३२ वॉटचं, प्रोसेसर जोर लावला की पंचाहत्तरच्या आसपास, बाकी किरकोळ. तेव्हा ५५० भरपूर झाले, ७५० ची गरज नव्हती. काटकसर करायची ती वॉटच्या आकड्यात करा, दर्जात करू नका. हलक्या हायड्रॉलिक होजवर वाचवलेले दोनशे रुपये पंपाला कसे खातात, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

यूपीएस चैन वाटेल, पण पावसाच्या तोंडावर आणि पुन्हा ऑक्टोबरात आमच्याकडे विजा कशा कडाडतात हे आपल्या वाचकांना सांगायला नको. एक केव्हीएचा, व्होल्टेज सांभाळणारा यूपीएस ५,१०० ला आला. आणि त्या निमित्ताने कळलं, की नातीच्या खोलीतल्या प्लगला अर्थिंगच नव्हतं. तिसऱ्या भोकाच्या मागे वायरच जोडलेली नव्हती, तीस वर्षं. जुन्या घरांत हे हमखास सापडतं. कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात त्या यामुळेच. वायरमन बोलावून ते करून घेतलं. तो खर्च घराचा म्हणून कॉम्प्युटरच्या वहीत धरलेला नाही.

ग्राफिक्स कार्ड आम्ही वापरलेलं घेतलं, आणि सगळ्यात मोठी बचत तिथेच झाली. रेडिऑन आरएक्स ६६००, आठ जीबीचं. नवं वीस हजारांच्या पुढे होतं, आम्हाला १३,५०० ला मिळालं, आणि ते कोटेशनमधल्या त्या ३०५० पेक्षा निर्विवाद जोरदार आहे.

पहिलं कार्ड बघायला कोलव्याला गेलो. मुलगा चांगला होता, म्हणाला, "अंकल, मायनिंगला वापरलेलं नाही." मी म्हटलं, आमच्या डिचोलीत मायनिंगला वापरलेलं नाही असं सांगून कोणी काही विकत नाही, कारण तिथे सगळंच मायनिंगला वापरलेलं. नात हसून म्हणाली, "आजो, तें मायनिंग न्हय!" मग तिने सांगितलं ते मजेदार होतं. इथेरियम नावाचं आभासी चलन काढायला लोक ही कार्डं दिवसरात्र घाण्याला जुंपत असत. १५ सप्टेंबर २०२२ ला त्या चलनाची पद्धतच बदलली, कार्डांचं काम संपलं, आणि बाजारात वापरलेल्या कार्डांचा पूर आला. आमच्या खाणी थांबल्या त्या सप्टेंबर २०१२ मध्ये. बरोबर दहा वर्षांचं अंतर. तेव्हा दारात उभे राहून गंजलेले टिप्पर कवडीमोल गेले, ते मी बघितलं होतं. आणि तेव्हाच शिकलो होतो, की खूप चाललेल्या गाडीपेक्षा वाईट ठेवलेली गाडी जास्त धोक्याची.

त्या नजरेने कोलव्याचं कार्ड पाहिलं. मायनिंगला वापरलेलं नसेलही, पण समुद्र घरापासून पाच मिनिटांवर, खोलीची खिडकी पश्चिमेला. पंख्यांमागच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर पांढरी बुकटी आणि स्क्रूंच्या डोक्यांवर हिरवट डाग. खाऱ्या हवेचं काम. नमस्कार करून परत आलो. दुसरं फोंड्याला मिळालं. तिथे त्या मुलाच्याच मशीनवर अर्धा तास फरमार्क हा कार्डाला पुरतं राबवणारा प्रोग्रॅम चालवून घेतला, पडद्यावर ठिपके उमटतात का, पंखा खरखरतो का, जळका वास येतो का, हे पाहिलं. जीपीयू-झेड नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये कार्डाचं खरं नाव तपासलं, कारण जुन्या कार्डावर नव्या नावाचा शिक्का मारून विकणारे आहेत. बिल २०२३ चं, वॉरंटी तीन वर्षांची, म्हणजे वर्षाच्या आसपास शिल्लक. बिलाची मूळ प्रत घेतली, पैसे बँकेतून दिले. अनोळखी माणसाला आगाऊ पैसे पाठवून कुरिअरने कार्ड मागवणाऱ्यांसाठी माझ्याकडे सल्ला नाही, सहानुभूती आहे.

आणि कॅबिनेट. कंपनीने ऑफिस आवरलं तेव्हा जुन्या कॉम्प्युटरांचा लिलाव झाला होता, त्यातला एक मी तीनशे रुपयांना घेऊन माळ्यावर टाकला होता. बायको दर चवथीला माटोळीचं सामान काढताना त्यावरून बोलायची. मदरबोर्डाचं एटीएक्स हे माप इंटेलने १९९५ साली ठरवलं, आणि आजच्या बोर्डाची भोकंही त्याच मापावर पडतात, हे नातीने वाचून दाखवलं तेव्हा मी शिडीच लावली. उघडला तर आत बोटभर तांबडी धूळ. खनिज माल, दुसरं काय. ब्लोअर मारला, घासला. हार्ड डिस्कचा पिंजरा कार्डाच्या आड येत होता, त्याचे रिव्हेट ड्रिलने उडवले. पुढच्या पत्र्याला होल-सॉने दोन भोकं पाडून पंखे बसवले, कारण जुन्या कॅबिनेटमध्ये हवा आत यायला वाटच नसते. पंखे, जाळी, ब्लेड आणि काळा स्प्रे मिळून ९६० रुपये. जाळी विसरू नका, आमच्याकडे पाली आणि मुंग्या उबेला आत शिरतात. कार्ड बसल्यावर पुढे जेमतेम दोन सेंटिमीटर उरले. ही गोष्ट आधी मोजायची असते. आम्ही मोजली नव्हती, नशिबाने वाचलो. ज्यांना हे हातकाम नको त्यांना अडीच-तीन हजारांत जाळीदार तोंडाचं साधं कॅबिनेट मिळतं. काचेच्या तोंडाचं घेऊ नका, श्वास कोंडतो.

जोडणी घरीच केली. दुकानवाले त्याचे दीड-दोन हजार घेतात. लागतो एक फुलीच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर आणि एक मोकळी दुपार. सगळं जोडून बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा काळा. दोन तास आम्ही दोघं रॅम काढतोय, घालतोय, नात बिचारी रडकुंडीला आली. शेवटी शेजारचा आठवीतला पोरगा बघायला आला आणि म्हणाला, "केबल वरच्या भोकात कशाला घातली?" मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या भोकात होती, ती ग्राफिक्स कार्डाच्या भोकात हवी. आमच्या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नाही, म्हणून वरचं भोक मुकं. पोराला खाजं दिलं.

त्यानंतरच्या दोन गोष्टी फुकटातल्या, पण दुकानातून तयार आणलेल्या मशीनमध्येही त्या कित्येकदा केलेल्या नसतात. रॅम ३२०० वेगाची घेतली होती, ती २४०० वर धावत होती. बायॉसमध्ये (मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी हा पर्याय चालू केला की खऱ्या वेगाने धावते. आणि मॉनिटर शंभर हर्ट्झचा असला तरी विंडोजने तो साठवरच ठेवला होता, तो डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये आपण शंभरावर न्यायचा. रॅमही सोळाची एक न घेता आठ-आठच्या दोन घ्याव्यात. दोन वाटांनी माल उतरतो, खेळाला त्याचा फरक पडतो. त्या पहिल्या कोटेशनमध्ये एकच होती, दिव्याची.

विंडोज अधिकृत घेतलं, ८,८००. हे पैसे वाचवण्याचे बारा मार्ग पोरं सांगतात, त्यातला एकही मी वर्तमानपत्रात लिहिणार नाही. सरळ मार्ग एक आहे, विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट प्रणाली. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातले बरेच खेळ त्यावर चालतात, पण व्हॅलोरंट चालत नाही, म्हणून आमच्या घरी तो ठराव पडला.

तुलनेचा तक्ता न्याय्य असावा म्हणून सांगतो, पणजीच्या १,१८,००० मध्ये यूपीएस नव्हता आणि विंडोजही खरं नव्हतं. आमच्या ६९,१६० मधून ते दोन्ही वजा केले तर उरतात ५५,२६०. निम्म्याहून कमी.

मात्र आज याच यादीने बाजारात गेलात तर एवढ्यात जमणार नाही, हे सांगितलं नाही तर मी फसवल्यासारखं होईल. आम्ही आठ-आठच्या दोन रॅम ३,३०० ला घेतल्या होत्या. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत भाव जे उसळले ते दुपटीच्या पुढे गेले. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, आणि एआयच्या डेटा सेंटरांची मागणी एवढी, की माल तिकडे वळला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला क्रुशल हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. एसएसडीलाही त्याची झळ लागली आहे. अशा वेळी मी असतो तर रॅम वापरलेली घेतली असती. तिच्यात फिरणारं, झिजणारं काही नसतं. रात्रभर मेमटेस्ट हा तपासणीचा प्रोग्रॅम लावून सकाळी एकही चूक नसेल तर घ्यावी. फक्त लॅपटॉपची रॅम आखूड असते, ती डेस्कटॉपमध्ये बसत नाही. स्वस्त दिसली म्हणून उचलू नका.

आणि ज्यांचं बजेट पन्नास हजारांचंही नाही त्यांच्यासाठी एक वाट आहे. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, त्यामुळे ऑफिसं जुने कॉम्प्युटर काढून टाकत आहेत. त्यात इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर असलेला मोठा टॉवर मिळाला तर त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. मदरबोर्डाची ग्राफिक्स कार्डाची खाच स्वतः ७५ वॉटपर्यंत वीज देते, म्हणून एसएमपीएसची वेगळी वायर न मागणारं कार्ड तिथे नुसतं खोचलं की काम झालं. असं कार्ड कोणतं? वर ज्याला नावं ठेवली तेच आरटीएक्स ३०५०, सहा जीबीवालं, ७० वॉटचं. लाखाच्या मशीनमध्ये ते लाज आणतं, जुन्या टॉवरमध्ये ते रत्न आहे. फक्त अरुंद, आडव्या ऑफिसच्या डब्यात पूर्ण उंचीचं कार्ड जात नाही. आणि काही कंपन्यांचे एसएमपीएस व बोर्ड त्यांच्या स्वतःच्याच मापाचे असतात, पुढे बदलायला बाजारातला माल चालत नाही. टॉवर उघडून बघितल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

खेळांचा खर्च मी धरला नव्हता, पण तो फारसा झालाही नाही. एपिकच्या ऑनलाइन दुकानात दर आठवड्याला एखादा खेळ फुकट मिळतो, स्टीमवर जून-जुलैच्या आणि वर्षाअखेरच्या सेलमध्ये रुपयांतल्या किमती बऱ्याच उतरतात. विजेचं म्हणाल तर खेळताना आमचं मशीन साधारण अडीचशे वॉट ओढतं, तीन तासांना पाऊण युनिट. नात एसी लावून खेळली तर तो हिशेब वेगळा, आणि ती एसी लावूनच खेळते.

पत्र लांबलं, क्षमस्व. काटछाट करायची झाल्यास मुंबईची हकिकत कापावी, एसएमपीएसची कापू नये. नाव छापू नये ही विनंती, कारण त्या पणजीच्या दुकानात मला प्रिंटरची शाई आणायला जावं लागतं.

आपला,
एक निवृत्त स्टोअरकीपर, डिचोली

ता. क. : दुकानांची बिलं हल्ली ज्या गुळगुळीत कागदावर छापून देतात, त्यावरची अक्षरं आमच्या दमट हवेत सहा महिन्यांत पुसट होतात. आणल्याच दिवशी झेरॉक्स काढा. मॉनिटरचा खोका थर्माकोलसकट ठेवा, परत पाठवायची वेळ आली तर तोच लागतो. आमचा माळ्यावर आहे, जुन्या कॅबिनेटच्या रिकाम्या झालेल्या जागेत.